कलायजींच्या सात पिढ्या

कॉफी पुढं केली की माणसानं कॉफी प्यावी. शेवकेतनं हिरवा चहा मागितला.

आणि मागितला कुठं, तर उर्कियेच्या घरी! जी बाई चिर्चिकहून परत येताना पलंग मागं टाकून आली, गाद्या मागं टाकून आली, पण आईची पितळी चक्की मांडीवर घेऊन आगगाडीत बसली, तिच्या घरी. पहाटे उठून तिनं स्वतः दाणे भाजले होते, स्वतः दळले होते, साय वेगळी काढली होती, साखरेचे खडे फोडून बशीत मांडले होते. आणि हा गडी सैल मांडी घालून, कुठल्याही थोरल्या बाईला लावतात तसं 'अब्ला' लावून म्हणतो, "अब्ला, हिरवा चहा नाही का? आम्हाला फरगान्याची सवय. कॉफीनं छातीत धडधडतं."

"धडधडतंय ना? म्हणजे जिवंत आहेस," उर्किये म्हणाली आणि कप त्याच्याच पुढ्यात ठेवला.

तो हसला. हसणंही असं की खिडकीची काच थरथरावी. बसला होता तोही दारासमोरच्या मानाच्या जागी. ती जागा वेली-अकायची. वेली-अकाय म्हणजे वस्तीतलं सगळ्यात जुनं हाड. नमाज तोच पढवायचा, भांडणंही तोच मिटवायचा. तो बिचारा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला. शेवकेतची भाषा ऐकून तर उर्कियेच्या कपाळाची शीर उडायला लागली. एक शब्द तातार, दुसरा उझबेक, तिसरा रशियन. तीन घरचं उष्टं एका ताटात. समुद्रकाठच्या माणसाची बोली कशी रेशमाच्या लडीसारखी उलगडावी, आणि हा बोलायला लागला की खडी वाहणारी गाडी चालल्यासारखं वाटायचं.

हाच माणूस वस्तीच्या सभेत उभा राहून 'आपल्या बापजाद्यांची माती, आपल्या बापजाद्यांचं रक्त' असा गर्जायचा आणि बायका पदरानं डोळे पुसायच्या. उर्किये पुसत नसे. तिला रडायला दुसऱ्याचं भाषण लागत नसे.

पण करते काय! शेंडेफळ सेयरान याच्या पोरीपायी वेडा झाला होता.

वस्ती म्हणजे अक्मेस्जिद शहराबाहेरचं उघडं माळरान. हद्दपारीतून परत आलेल्यांनी कुणाला न विचारता तिथं दोऱ्या ताणून आपापले चौकोन आखले होते, कारण विचारलं असतं तर कुणी 'हो' म्हणणार नव्हतं. प्रत्येक चौकोनात एक खोली आणि खोलीबाहेर पिवळ्या शिंपदगडाचा ढीग. ढिगाचं घर होईपर्यंत कुणाचा भरवसा नव्हता. आज यंत्रं येणार, उद्या गणवेशवाले येणार, रोज नवी आवई. बायका स्वयंपाक करायच्या तेव्हा एक डोळा पातेल्यावर, एक डोळा सडकेवर. मध्येच कुणी 'आले, आले' ओरडलं की सगळी वस्ती हातात फावडी घेऊन धावायची आणि दुधाची गाडी बघून परत यायची. उर्कियेनं सत्तरी गाठली होती, पण या माळावर आल्यापासून तिची पाठ सरळ जमिनीला लागली नव्हती.

सेयरान भिंत बांधायचा आणि शेवकेतची मावीले त्याला गारा कालवून द्यायची. बापाची जुनी विजार घालून, केस रुमालात कोंबून, बाप्यांसारखी फावडं मारत. तिची आई नव्हती, हे खरं. पण आई नसली म्हणून विजार घालावी, असं कुठं लिहिलं होतं? उर्कियेच्या मनात ही सून कधीच भरली नव्हती. तरी पोरानं जेवण सोडलं, तेव्हा तिनं हार खाऊन आज शेवकेतला बोलावलं होतं.

"चला, मोजणी करून टाकू," वेली-अकाय म्हणाला. "मग गोड तोंडानं बोहच्यांचं बघा."

बोहचा म्हणजे देण्याघेण्याच्या कपड्यांची गाठोडी. पण गाठोडी बांधण्याआधी मोजणी. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी आपापल्या सात पिढ्या मोठ्यानं सांगायच्या. दोन्हीकडं एक जरी बाप एकच निघाला, तरी लग्न मोडलं, आणि मग त्यावर कुणाची मखलाशी चालत नाही. चव्वेचाळीस साली सरकारनं सगळ्या तातार जमातीला उचलून उझबेकांच्या मुलखात, कुणाला चिर्चिकला, कुणाला फरगान्याला नेऊन टाकलं; मागं घरं गेली, कबरी गेल्या, गावांची नावंसुद्धा पुसून नवी लिहिली. ही मोजणी तेवढी तोंडात होती म्हणून राहिली.

आणि मोजणीत उर्कियेचा हात कोण धरणार! लिहायला म्हणाल तर सहीपुरतं. पण पिढ्या म्हणाल तर झोपेतून उठवून विचारा. नवऱ्याकडचे सात तिनं भराभर उरकले, मग कणा ताठ करून स्वतःच्यांकडं वळली.

"मी उलू-चेश्मेची. घराणं कलायजी. पंचक्रोशीतल्या तांब्याला आमच्याच हातची कल्हई. बाप मुस्तफा. त्याचा बाप असान. त्याचा बाप बेकिर. त्याचा बाप–"

"जेमील," शेवकेत म्हणाला.

उर्किये थांबली. शेवकेतचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, पण ओठ हलत होते. "जेमीलचा बाप हाजी ओसमान," तो म्हणाला. "ओसमानचा बाप कुर्तवेली. कुर्तवेलीचा बाप कारा-सेयित."

शेवटची दोन नावं दोघांच्या तोंडून एकदमच निघाली होती.

"अब्ला!" शेवकेत उठून उभाच राहिला. "तुम्ही असान-आजोबांची नात? मी त्यांचा नातू! तुमच्या धाकट्या चुलत्याचा, सेयदामेतचा मुलगा! मला वाटायचं सगळे संपले, मी एकटाच–" त्यानं खाली वाकून तिचा हात उचलला आणि ओठांना लावला, कपाळाला लावला. डोळ्यांतून धारा. "माझं रक्त! अल्ला, माझं रक्त निघालं!"

वेली-अकायनं कप बशीत उपडा घातला. "शेवकेत, खाली बस," तो हळू म्हणाला. "रक्त निघालं, म्हणजे लग्न मोडलं."

दाराबाहेर फावड्याचा आवाज येत होता, तो थांबला.

खरं सांगायचं तर उर्कियेला पहिल्या झटक्याला बरंच वाटलं. बोटही न हलवता काम झालं होतं. विजार गेली, फरगाना गेला, हिरवा चहा गेला. पोरगा दोन महिने कुढेल आणि मग तिनं बघितलेल्या एखाद्या बऱ्या घरच्या पोरीशी लग्न करेल. तिनं कप गोळा केले. कप विसळता विसळता मात्र तिचा हात थांबला.

सेयदामेत-काकाला मूल नव्हतं.

लग्न होऊन वर्ष भरायच्या आत तो लढाईवर गेला आणि गेला तो गेलाच. मागं राहिली झुल्फिये-काकू, रिकाम्या ओटीची. मग ती मे महिन्यातली पहाट. शिपाई दारात, चूल पेटायला लागतो तेवढा वेळ हातात. मग फलाट, गुरांचे डबे, किंकाळ्या. त्या गर्दीत कुणाच्या तरी हातून सुटलेलं एक पोर रुळाशेजारी उभं होतं, तीन-चार वर्षांचं, आणि 'माना, माना' म्हणून टाहो फोडत होतं. तातार पोर आईला 'माना' म्हणत नाही. ते ग्रीक पोर होतं. त्याचे लोक कुठं होते, ते तिथं कसं आलं, हे विचारायला कुणाला उसंत नव्हती. काकूनं त्याला शालीखाली घेतलं आणि वर चढली. उर्किये तेव्हा तेवीस वर्षांची. तिनंच डब्यातून हात देऊन दोघांना ओढलं होतं. पुढं अनोळखी स्टेशनावर डबे तुटले, काकूची पाळी फरगान्याची आणि उर्कियेची चिर्चिकची. निघताना काकू एवढंच म्हणाली, "कुणी विचारलं तर हा सेयदामेतचा."

इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे लग्नाला काडीचीही आडकाठी नव्हती. आणि हे या जगात फक्त तिला ठाऊक होतं. उलू-चेश्मेची म्हणून वस्तीत ती दोघंच. त्यातलं एक तर उलू-चेश्मेचंही नव्हतं!

गप्प बसलं की झालं, तिनं मनाशी म्हटलं. खोटं बोलायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. पण गप्प बसणं हा उर्कियेचा धंदाच नव्हे. जिवाला काही लागेना. कणीक तिंबायला घेतली ती तशीच ठेवून अंगणात आली. अंगण झाडायला घेतलं ते अर्धं टाकून सडकेपर्यंत गेली. सडकेवर काही नव्हतं म्हणून परत आली.

सेयरान थापी धुवून पोत्यात भरत होता.

"हे काय चाललंय?"

"भिंत खिडकीपर्यंत आलीय, आई. वरची कुणाकडून तरी करून घे. मी चिर्चिकला परत जातो."

"तिथं काय पुरलंय तुझं?"

"बाप," सेयरान म्हणाला.

माळावर त्या अर्ध्या भिंतीकडं बघताना तिला दिसलं की पोरगा गेला तर भिंत गेली, भिंत गेली तर जागा गेली, आणि मग ती पितळी चक्की मांडीवर घेऊन ती नक्की कुठं बसणार होती?

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी मावीले दिसली. दोन बादल्या भरून उभी.

"कळलं ना, काय निघालं ते?" उर्कियेनं विचारलं.

"कळलं, आत्या."

"आत्या म्हणू नकोस मला."

"मग काय म्हणू? सासूबाई म्हणायची तर सोय राहिली नाही."

"जीभ बरी चालते तुझी! दुसरी पोर असती तर रडून डोळे सुजवले असते."

"रडून काय होतं आत्या? गारा पातळ होतो." मावीलेनं बादल्या उचलल्या, दोन पावलं गेली आणि मागं न बघता म्हणाली, "त्याला सांगा, जाऊ नको. मी दिसायला नको असेन तर आम्ही वस्तीच्या दुसऱ्या टोकाला घर हलवू. पण भिंत टाकून जाऊ नको म्हणावं."

उर्किये टाकीपाशी उभी राहिली. मागची बाई म्हणाली, "आजी, बादली भरायची की नुसतं नळाला राखायचं?" तेव्हा तिला कळलं, आपण बादली आणलेलीच नाही.

तशीच ती शेवकेतकडं गेली. आता सांगून टाकायचं. तोंडावर सांगायचं, की बाबा रे, तू कलायजी नाहीस, तू कुणाचा कोण हे कुणालाच ठाऊक नाही, पोरगी देऊन टाक. रस्ताभर तिनं वाक्यं घासूनपुसून लख्ख केली.

शेवकेत तिला बघून धावतच आला. "ताई! या, या. काल रात्रभर डोळा नाही लागला. पोरगी बोलत नाही माझ्याशी. अल्लानं एका हातानं बहीण दिली, दुसऱ्या हातानं जावई काढून घेतला. पण आधी चला, तुम्हाला काही दाखवायचंय."

घरामागं, वाऱ्याच्या आडोशाला, एक दगड उभा केला होता. कबरीचा, वर फेट्यासारखा कोरलेला, एक कड फुटलेली. जुनी अक्षरं दोघांनाही वाचता येत नव्हती. पण खाली कडेला एक सुरई कोरली होती, लांब नळीची, आणि ती सुरई उर्किये आंधळी झाली असती तरी बोटांनी ओळखली असती. कलायजींची खूण. असान-आजोबांच्या डोक्याशी हाच दगड होता. परत आल्यापासून ती दोनदा गावी जाऊन आली होती. कबरस्तानाच्या जागी द्राक्षमळा होता, आणि ती हात हलवत परतली होती.

"कुठं सापडला?" तिनं विचारलं.

"डुकरांच्या गोठ्याची पायरी केली होती. पालथा घातला होता म्हणून खूण शाबूत राहिली. मालक देईना. मग मी त्याच्या गोठ्याला नवी पायरी बांधून दिली, तेव्हा दिला. गाडी डोंगरावर चढत नाही. खालच्या सडकेपर्यंत पाठीवर आणला." तो दगडावरची धूळ बाहीनं पुसत होता. "रोज सकाळी दुवा म्हणतो. म्हणता येते तेवढी."

उर्कियेनं घसा साफ केला. "शेवकेत, तुला आई आठवते?"

"आठवते ना. झुल्फिये. पहिल्याच हिवाळ्यात गेली फरगान्यात. तिच्या वाटणीची भाकरी मला द्यायची, पण आधी सात बाप म्हणायला लावायची. चुकलं की हात मागं. 'पुन्हा म्हण. तू कलायजी आहेस.'" तो हसला, या वेळी अगदी हळू. "मग अनाथाश्रमात टाकलं. तिथं सगळ्या पोरांना नंबर होते, ताई. मला सात बाप होते. नाहीतर मी कुठला जगतोय!"

घासून आणलेली वाक्यं उर्कियेच्या तोंडातच विरघळली. ती दगडाला हात न लावता परत फिरली. लावला असता तर रडली असती, आणि शेवकेतसमोर रडायची तिची तयारी नव्हती.

घरी येऊन ती येरझाऱ्या घालत राहिली. इकडं पोरगा पोत्याला गाठ मारून बसलेला. तिकडं तो वेडा दगडाची धूळ पुसतोय. एकाला वाचवावं तर दुसऱ्याची मुळं उपटायची. मेले काकू, तिनं मनात म्हटलं, तू तर सुटलीस मातीत जाऊन. फिरता फिरता ती अर्ध्या भिंतीपाशी थांबली, आणि तिथं तिला सुचलं. सुचलं ते इतकं वाईट होतं की ती मटकन दगडाच्या ढिगावर बसली. आणि मग, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, बसूनच राहिली.

जुम्माच्या नमाजानंतर पुरुष मोकळ्या जागेत चपला शोधत होते, तेव्हा ती सरळ त्यांच्यात शिरली.

"वेली-अकाय, थांबा. परवाची मोजणी चुकली."

"तुझी मोजणी? आणि चुकली?"

"चुकली. शेवकेतची नव्हे, माझी." तिनं हनुवटी वर केली. "मी कलायजींच्या पोटची नाही. भुकेच्या साली रस्त्यावर माणसं मरून पडायची, ठाऊक आहे ना? मुस्तफा कलायजीनं मला मेलेल्या बाईच्या कुशीतून उचललं. तान्ही होते. बाई कुठली, कोण, कुणाला माहीत नाही. मला सात तर सोडाच, एकही बाप नाही. हे मी मरेपर्यंत सांगणार नव्हते. पण पोराचं लग्न अडलं, म्हणून सांगते."

लोक तिच्याकडं असे बघत होते, जणू भर बाजारात तिच्या डोईचा रुमाल सुटलाय. सेयरान पुढं आला, "आई?" तिनं त्याला डोळ्यांनीच मागं सारलं.

वेली-अकायनं शपथेसाठी एका घरातून भाकरी मागवली. "हात ठेव, उर्किये."

भाकरी गरम होती. कुणाच्या तरी तव्यावरची अर्धी भाजलेली ओढून आणली असावी. उर्कियेनं तळहात ठेवला. बाप मुस्तफा, त्याचा बाप असान, त्याचा बाप बेकिर; सगळे एका रांगेत उभे राहून तिच्याकडं बघतायत असं वाटलं. बघा, तिनं त्यांना म्हटलं, तुमचं मी नंतर बघीन, वरती.

"खरं आहे," ती म्हणाली.

"असलं खोटं कोण बोलेल," वेली-अकाय पुटपुटला. "आणि त्यातून ही बाई!" त्यानं भाकरी मोडली, अर्धी सेयरानच्या हातात दिली, अर्धी शेवकेतच्या. "मग आडकाठी नाही. गाठोडी बांधा."

कडेला जमलेल्या बायकांच्या घोळक्यातून मावीले पुढं आली होती. ती उर्कियेकडं टक लावून बघत होती. हसत नव्हती, रडत नव्हती. खोल विहिरीत वाकून पाणी बघावं तशी.

शेवकेत मात्र विरघळला होता. छाती पुढं, डोळ्यांत पाणी, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज. "अब्ला, मन लहान करू नका. ज्याला कुणी नाही त्याला अल्ला. आम्ही कलायजी मोठ्या मनाचे. उचललेल्यालाही आपलाच मानतो. माझ्या आजोबांच्या दगडापाशी केव्हाही या, दुवा म्हणा. परकं समजू नका."

कुणीतरी बाई "किती चांगला माणूस!" म्हणून हुंदका देती झाली.

उर्कियेच्या कानशिलातली शीर ताडताड उडाली. तोंडाशी आलेलं सगळं तिनं एकदा चावून चावून गिळलं. मग ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. उंचीनं त्याच्या खांद्याला लागत होती, पण शेवकेतच एक पाऊल मागं सरकला.

"ऐक, शेवकेत," ती म्हणाली. "तू तोंडाळ आहेस, आगाऊ आहेस, आणि कीव कुणाची करावी याची तुला अक्कल नाही. पण मी ती नावं सत्तर वर्षं नुसती तोंडात घोळवली, आणि तू तो दगड पाठीवर वाहून आणलास. तेव्हा कलायजी तूच. आता भाकरी खा, पोरगी दे, आणि दोन घटका गप्प बस."